हातातल्या गॅजेटची प्लॅस्टिक बॉडी तपासताना: कुठला डाग सोडायचा आणि कुठला अजिबात नाही

मोल्डरकडून, म्हणजे साच्यात प्लॅस्टिकची बॉडी काढून देणाऱ्याकडून, पहिला लॉट येतो, खोका उघडतो, आणि सगळेजण एकच करतात, बॉडी उचलून उजेडात धरतात आणि पुढच्या तोंडावर काही दिसतंय का ते बघतात. दिसलं की लगेच फोन, नाही दिसलं की बिल पास. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज कुठेही जा, छोटं इलेक्ट्रॉनिक प्रॉडक्ट बनवणारे बहुतेक लोक असंच करतात, कारण सर्किट त्यांना कळतं पण प्लॅस्टिक कुणी शिकवलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की डोळ्याला खटकणारे बरेच डाग बॉडीचं काही वाकडं करत नाहीत, आणि जी बॉडी पुढे सहा महिन्यांत स्क्रूजवळ तडकते ती खोक्यातून निघते तेव्हा एकदम झकास दिसत असते. म्हणून पीस हातात घेतल्यावर दोन प्रश्न डोक्यात पाहिजेत, हा दोष आला कुठून आणि गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर तो काय करणार.

उदाहरण म्हणून एक साधं हातात मावणारं मीटर धरू. वरची बॉडी, खालची बॉडी, डिस्प्लेची खिडकी, पाच-सहा बटणांची भोकं, मागे बॅटरीचं झाकण, चार सेल्फ टॅपिंग स्क्रू. भिंत दोन मिमीच्या आसपास, मटेरियल एबीएस, म्हणजे नेहमीचं कडक प्लॅस्टिक, किंवा पीसी-एबीएस, म्हणजे त्यात जास्त चिवट पीसी (पॉलीकार्बोनेट) मिसळलेलं. बिलिंग मशीन असो, रिमोट असो, जुन्या हँडहेल्ड गेमची बदली बॉडी असो, हिशोब हाच लागतो.

आधी बघायची पद्धत नीट करा

गरम पीस तपासू नका. मशीनमधून निघालेला पीस थंड होताना आक्रसतो, एबीएस साधारण 0.4 ते 0.7 टक्के, म्हणजे 150 मिमी लांबीच्या बॉडीत अर्ध्या मिमीच्या वर फरक पडतो. यातलं बरंचसं साच्यातच होऊन जातं पण थोडं बाहेर आल्यावर चालू राहतं, आणि वाक तर कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. मोजमापं आणि फिटिंग दुसऱ्या दिवशीच घ्या, मोल्डर कितीही घाई करू दे.

उजेड पांढरा हवा, दिवसाच्या उजेडासारखा, वरून पडणारा, आणि टेबल करड्या किंवा फिक्या रंगाचं. पीस हातभर अंतरावर, म्हणजे 30 ते 45 सेंमीवर धरायचा, थोडा हलवायचा, चार-पाच सेकंद बघायचा आणि खाली ठेवायचा. या वेळात जे दिसलं तो दिसण्याचा दोष. भिंग लावून पाच मिनिटं शोधल्यावर जे सापडतं ते गिऱ्हाइकाला आयुष्यात दिसणार नाही, त्यावरून भांडू नका. भिंग वापरायचंय पण ते दुसऱ्या कामासाठी, ते पुढे सांगतो.

बॉडीचे तीन भाग मनात पाडून ठेवा. डिस्प्लेच्या आजूबाजूचा पुढचा चेहरा हा पहिला, तिथे कडक राहायचं. बाजू आणि पाठ हा दुसरा, तिथे थोडं सैल. बॅटरीच्या झाकणाखाली, लेबलखाली आणि आतून हा तिसरा, तिथे दिसण्याचा दोष मोजायचाच नाही, तिथे फक्त काम बघायचं. आणि हे पर्चेस ऑर्डर देतानाच ड्रॉइंगवर रंगवून द्या, लॉट आल्यावर "हा चेहरा आहे की पाठ" यावर वाद घालत बसलात तर दोघांचंही नुकसान होतं.

पाच पीस ओळीने मांडा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि कुणीच करत नाही. मोल्डरला सांगा की सलग निघालेले पाच शॉट, म्हणजे मशीनने एकामागून एक काढलेले पीस, नंबर टाकून वेगळे ठेव. मग ते एकाखाली एक मांडा आणि डाग कुठे आहे ते बघा. पाचही पिसांत त्याच जागी, त्याच आकाराचा डाग असेल तर दोष साच्यात किंवा डिझाईनमध्ये आहे, ऑपरेटरला शिव्या देऊन तो जाणार नाही. डाग जागा बदलतोय, एकात आहे दुसऱ्यात नाही, तर मशीनची सेटिंग, दाण्यातला (कच्च्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांतला) ओलावा किंवा कचरा. सुरुवातीच्या पिसांत आहे आणि हळूहळू कमी होत गेला तर मशीन नुकतंच चालू केलेलं होतं, साचा अजून तापला नव्हता, असे पीस लॉटमध्ये यायलाच नको होते.

बॉडी उलटी करून आत बघा, कॅव्हिटीचा, म्हणजे साच्यातल्या ज्या पोकळीत पीस तयार झाला तिचा, नंबर कोरलेला असतो. दोन कॅव्हिटीचा साचा असेल तर 1 नंबरचे पीस वेगळे आणि 2 नंबरचे वेगळे लावा, पुष्कळदा असं दिसतं की सगळे खराब पीस 2 नंबरचेच आहेत आणि मग प्रश्न निम्मा सुटला. शेजारी एक छोटं गोल घड्याळासारखं डेट इन्सर्ट असतं, त्यातला बाण कुठल्या महिन्यावर आहे ते बघा, आणि दोन उलट-सुलट कोनांच्या (> <) मध्ये मटेरियलचं नाव लिहिलेलं असतं. त्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, ते साच्यात कोरलेलं आहे, मशीनमध्ये कुठला दाणा ओतला ते त्याला माहीत नाही.

सिंक, म्हणजे खळगा

पुढच्या तोंडावर उथळ खळगे दिसतात ना, बरोबर आतल्या बॉसच्या (स्क्रू बसतो त्या नळकांड्याच्या) किंवा रिबच्या (मजबुतीच्या उभ्या पट्टीच्या) मागे, ते सिंक. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं की बाहेरून आधी धरतं, दुधावर साय धरते तसं, आणि जाड जागेच्या पोटातलं प्लॅस्टिक अजून गरम असतं, ते नंतर आक्रसताना वरच्या सायीला आत ओढतं. म्हणून सिंक नेहमी जाड जागेसमोर येतो. रिबची जाडी बुडाशी भिंतीच्या 50 ते 60 टक्के असावी असं धरतात, म्हणजे 2 मिमी भिंतीला 1 ते 1.2 मिमीची रिब. डिझायनरने 2 ला 2 ची रिब दिली असेल तर मोल्डर देव असला तरी सिंक येणारच, फार तर कमी करेल.

बघायचं कसं, तर पीस ट्यूबखाली असा धरा की ट्यूबचं सरळ प्रतिबिंब बॉडीवर पडेल, आणि पीस सावकाश तिरका करत न्या. खळगा आला की ती सरळ रेघ वाकते. टेक्स्चर असलेल्या बॉडीवर प्रतिबिंब दिसत नाही, तिथे मोबाईलचा टॉर्च एकदम आडवा, बॉडीला टेकवून लावा, सावली पडते. काळ्या चकचकीत बॉडीवर सिंक सगळ्यात जास्त दिसतो आणि बारीक दाणेदार टेक्स्चरवर सगळ्यात कमी. पेंट मारल्यावर लपेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, चकचकीत पेंटखाली तो उलटा उठून दिसतो.

निकाल असा द्यायचा: सिंक हा दिसण्याचा दोष आहे, बॉडी त्याने तुटत नाही. पाठीवर असेल तर सोडा. चेहऱ्यावर असेल तर आधी विचारा की होल्डिंग टाईम किती दिलाय, म्हणजे साचा भरल्यावर दाब किती वेळ धरून ठेवलाय. गेट, म्हणजे प्लॅस्टिक पोकळीत शिरायचं तोंड, गोठायच्या आत दाब सोडला तर प्लॅस्टिक मागे फिरतं आणि सिंक वाढतो, वजनही कमी भरतं. पॉइंट झिरो वन ग्रॅमचा सोनारी काटा कुठेही मिळतो, तो घ्या आणि वीस पीस वजन करा. होल्डिंग वाढवत गेल्यावर वजन वाढत वाढत एका जागी थांबतं, तिथे गेट गोठला. मोल्डर त्याच्या आधीच थांबत असेल तर सायकल टाईम, म्हणजे एका शॉटचा वेळ, वाचवायला तो तुमचा चेहरा वापरतोय, स्पष्ट बोला. होल्डिंग पूर्ण देऊनही खळगा राहिला तर दोष डिझाईनचा, बॉसचं बूड पोकळ करून घ्यावं लागेल.

उलट बाजू पण लक्षात ठेवा. जाड पिसात वरून सिंक नाही पण पोटात पोकळी, असंही होतं, बाहेरची साय घट्ट असली की आतलं प्लॅस्टिक फाटतं. एक बॉस करवतीने उभा कापून बघायला काय जातं, एक पीस वाया जाईल.

वेल्ड लाईन

भोक आहे तिथे वेल्ड लाईन आहे, यातून सुटका नाही. प्लॅस्टिक डिस्प्लेच्या खिडकीला वळसा घालून दोन बाजूंनी येतं आणि पलीकडे भेटतं, ती भेटीची रेघ केसासारखी दिसते. नवीन माणूस तिला तडा समजतो आणि सगळा लॉट परत करतो. पाच पिसांत जागा एकच असेल, नखाला जेमतेम लागत असेल आणि वाकवल्यावर उघडत नसेल तर ती वेल्ड लाईन आहे, तडा नाही.

पण ती कुठे पडलीय ते फार महत्त्वाचं. दोन बटणांमधल्या अरुंद पट्टीत, स्क्रूच्या बॉसवर, किंवा क्लिपच्या मुळाशी रेघ असेल तर ती जागा बाकीच्या बॉडीपेक्षा कच्ची आहे. तो भाग अंगठ्यांनी वाकवा. चांगला एबीएस आधी पांढरट होतो, ताणतो, मग तुटतो. रेघेवरून कट्‌ आवाज करून सरळ फुटला आणि तुटलेली कड गुळगुळीत निघाली तर दोन प्रवाह नीट जुळलेच नव्हते, प्लॅस्टिक भेटेपर्यंत थंड पडलं होतं. तापमान आणि स्पीड वाढवून हे बरंच सुधारतं. चेहऱ्यावरची नुसती दिसणारी रेघ मात्र, त्यातही मेटॅलिक चंदेरी रंगात, सेटिंगने कधीच पूर्ण जात नाही, त्या रंगाचे कण भेटीच्या जागी आडवे फिरतात आणि काळपट पट्टा दिसतोच. मेटॅलिक रंग हवा असेल तर गेटची जागा साचा कापायच्या आधी ठरवायची असते, नंतर मोल्डरच्या मागे लागून उपयोग नाही.

चंदेरी रेघा, आणि इथे थांबा

आता जो दोष मला सगळ्यात जास्त सांगायचाय तो. गेटपासून निघून प्रवाहाच्या दिशेने पसरलेल्या चंदेरी, फिसकटलेल्या रेघा, शॉपवर नुसतं सिल्व्हर म्हणतात. दाण्यात ओलावा राहिला की मशीनच्या बॅरलमध्ये, जिथे दाणा वितळतो तिथे, त्याची वाफ होते आणि पृष्ठभागावर फुटते. पावसाळ्यात हे हमखास, दाण्याची गोणी उघडी, दाणा सुकवणारा हॉपर ड्रायर बंद किंवा नावाला चालू. एबीएस 80 ते 85 अंशाला दोन ते चार तास सुकवतात, पीसी 120 अंशाला तीन ते चार तास, पीसी-एबीएस ग्रेडप्रमाणे मध्ये कुठेतरी, पुरवठादाराच्या कागदावर आकडा असतो.

रेघा एबीएसमध्ये आणि पीसीत दिसतात सारख्याच, पण निकाल वेगळा द्यायचा. साध्या एबीएसमध्ये हा बहुतांशी दिसण्याचा दोष आहे, बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असेल तर मी सोडून देईन. पीसीमध्ये किंवा पीसी-एबीएसमध्ये मात्र ओलं मटेरियल गरम बॅरलमध्ये गेलं की पाणी त्या प्लॅस्टिकच्या साखळ्याच तोडतं. साखळी आखूड झाली की पीसीचा जो चिवटपणा, ज्याच्यासाठी तुम्ही जास्त पैसे मोजले, तोच गेला. म्हणून पीसीमध्ये ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली लागतो. आणि याच्याहून वाईट म्हणजे ओलावा थोडाच असेल तर रेघा दिसतच नाहीत आणि साखळ्या तरीही तुटलेल्या असतात, पीस दिसायला सुंदर आणि आतून ठिसूळ.

एका मीटरच्या खालच्या बॉडीत मी हे जवळून बघितलंय. जुलैचा लॉट, पीसी-एबीएस, चेहऱ्यावर एकही रेघ नाही, रंग बरोबर, माप बरोबर, क्यूसीने हिरवा टॅग लावला. असेंब्लीत स्क्रू बसले, आणि दोन दिवसांनी बॉसच्या भोवती केसासारखे गोल तडे, चारपैकी दोन बॉसला तर नक्कीच. तो बॉस पक्कडीने मोडला तर काचेसारखा फुटला, कडेला पांढरटपणा औषधालाही नाही. मोल्डरकडे गेल्यावर कळलं की सिल्व्हरचे रिजेक्ट पीस दळून त्यांनी परत दाण्यात मिसळले होते. हे अजिबात चालत नाही. साखळी तुटलेलं मटेरियल नंतर कितीही सुकवलं तरी सांधत नाही, ते दळून चांगल्या दाण्यात टाकलं की सगळ्या लॉटचा चिवटपणा खाली येतो. रनरचा, म्हणजे गेटपर्यंतच्या वाटेत गोठून उरलेल्या प्लॅस्टिकचा, स्वच्छ, सुका भुगा ठरलेल्या प्रमाणात वापरणं वेगळं आणि जळका-ओला माल ढकलणं वेगळं, हा फरक ऑर्डरवर लिहून घ्या.

शंका असेल तर लॅबकडे जा. बॉडीचे तुकडे आणि मूळ दाणा, दोन्हींचा मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळल्यावर ते किती वाहतं त्याचा आकडा, काढून मागा. साखळ्या तुटलेलं प्लॅस्टिक पातळ वाहतं, त्यामुळे बॉडीचा आकडा दाण्यापेक्षा बराच वर गेलेला दिसतो. थोडासा फरक मोल्डिंगमुळे पडतोच, त्यावर अडू नका. सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक संस्थेची केंद्रं छत्रपती संभाजीनगरला आणि चंद्रपूरला आहेत, आणि प्लॅस्टिक तपासणाऱ्या खाजगी लॅबही आहेत.

मिठाच्या पाण्याची चाचणी

पीसी-एबीएसचे पैसे देऊन साधं एबीएस मिळालं का, हे घरीच कळतं. 120 ग्रॅम मीठ 880 मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. याची घनता साधारण 1.08 च्या जरा वर जाते. साधं एबीएस 1.04-1.05 चं, ते तरंगतं. पीसी-एबीएस 1.10 ते 1.15 चं, ते बुडतं. बॉडीचा भरीव तुकडा कापून घ्या, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, तुकडा बोटाने खाली दाबून सोडा. आग-रोधक ग्रेडचं किंवा काच भरलेलं एबीएस जड असतं, तेही बुडतं, त्यामुळे ही चाचणी साध्या ग्रेडपुरतीच धरा आणि शक्य असेल तर मूळ दाणा पण त्याच पाण्यात टाकून बघा. तुकडा तरंगला तर मात्र ते पीसी-एबीएस नाही, तिथे चर्चा संपते.

कडा, क्लिप आणि बटणांची भोकं

फ्लॅश, म्हणजे साच्याच्या दोन भागांमधल्या फटीतून बाहेर आलेली पातळ पापडी, शॉपवर बर पण म्हणतात. कापसाचा बोळा पार्टिंग लाईनवरून, म्हणजे ते दोन भाग मिळतात त्या रेघेवरून, फिरवा, धागे अडकले तिथे फ्लॅश. बाहेरच्या कडेचा फ्लॅश हाताला बोचतो म्हणून सगळ्यांना सापडतो, पण बटणाच्या भोकाच्या आत आलेला फ्लॅश कुणी बघत नाही आणि बटण अडकतं, दाबलं की वर येत नाही. प्रत्येक भोकात बटण घालून, बॉडी उभी-आडवी करून, दाबून बघा. ब्लेडने फ्लॅश काढलेले पीस येतात तेव्हा कडेवर कापल्याच्या पांढऱ्या खुणा असतात, तोही दोषच मोजायचा. आणि पहिल्या लॉटला नसलेला फ्लॅश पाचव्या लॉटला सगळ्या पिसांत एकाच जागी यायला लागला तर साच्याची कड झिजलीय किंवा दबलीय, साचा टूलरूमला पाठवा म्हणायचं, ब्लेड मारायला माणूस वाढवून ते मिटत नाही.

आता भिंग. क्लिपच्या टोकावर लावा. शॉर्ट शॉट म्हणजे प्लॅस्टिक पूर्ण न पोचणं, अर्धी बॉडी शॉर्ट असेल तर आंधळ्यालाही कळेल, पण क्लिपचं टोक अर्धा मिमी शॉर्ट असेल तर कुणालाच कळत नाही, आणि बॉडी दोन-तीनदा उघडली की लॉक धरत नाही. पूर्ण भरलेल्या टोकाची कड तीक्ष्ण असते, शॉर्ट असलेलं टोक गोलसर, चकचकीत, वितळून थांबल्यासारखं. तिथेच तपकिरी-काळा डाग पण असेल तर हवा कोंडून दाबली गेली आणि तापून जळली, साच्यातली हवा निघायची झिरी, जी एबीएसला जेमतेम 0.03 मिमीची असते, ती बुजलीय. साफ केली की दोन्ही दोष एकदम जातात.

विखुरलेले काळे ठिपके हे वेगळं प्रकरण, ते बॅरलमध्ये जळून राहिलेलं किंवा आधीच्या रंगाचं मटेरियल. पांढऱ्या बॉडीवर त्यांना माप ठरवून घ्या, पारदर्शक पट्टीवर छापलेले ठिपके मिळतात ते शेजारी धरायचे. चेहऱ्यावर 0.3 मिमीच्या आतला एखादा ठिपका मी सोडतो, दोन जवळजवळ असतील तर नाही. ही आपापसात ठरवायची गोष्ट आहे, पण आकड्यात ठरवा.

दोन अर्ध्या बॉडी जुळतात का

सुटी बॉडी काचेवर ठेवा, चार कोपरे दाबा, डुगडुगते का बघा, फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून वाक मोजा. पण सुट्या बॉडीचा थोडा वाक स्क्रू लावल्यावर सरळ होतो, म्हणून खरा निकाल जोडून घ्यायचा. पीसीबी, बॅटरी, सगळं आत घालून जोडा, रिकामी जोडून काही कळत नाही. मग चारी बाजूंनी फट बघा. माझं मत असं की सगळीकडे सारखी 0.25 मिमीची फट एका बाजूला 0.1 आणि दुसऱ्या बाजूला 0.4 अशा फटीपेक्षा कितीतरी बरी, डोळा फटीपेक्षा फटीतला फरक पकडतो. नख आडवं फिरवून पायरी लागते का बघा, हातात धरायची वस्तू आहे, ही पायरी गिऱ्हाइकाच्या बोटाला रोज लागणार. वाक सगळ्या पिसांत एकाच दिशेने असेल तर साच्याची एक बाजू दुसरीपेक्षा गरम चाललीय, पाण्याच्या लाईनी तपासायला सांगा. स्क्रूने ओढून सरळ केलेला वाक बॉसवर कायमचा ताण ठेवतो, त्यामुळे "स्क्रू लावल्यावर बसतंय ना" हे उत्तर मी घेत नाही.

रंगाचंही तसंच, प्रत्येक अर्धी बॉडी कलर चिपशी जुळली तरी एकमेकींशी जुळत नाही असं होतं, कारण दोन्ही वेगळ्या दिवशी, वेगळ्या मास्टरबॅचने, म्हणजे रंगाच्या दाण्याने, निघाल्या. त्या एकमेकींना लावूनच बघा, आणि ट्यूबखाली बघून झाल्यावर खिडकीत उन्हाच्या उजेडातही बघा, काही रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात.

स्क्रू, आणि मग पाडून बघणं

बॉस हा हातातल्या गॅजेटचा मर्मस्थानाचा भाग, आणि तो आत असतो म्हणून दुर्लक्षित. एबीएसमध्ये 3 मिमीच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूला भोक साधारण 2.4 मिमी लागतं. 2.4 च्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू घालून बघा, ती घट्ट जावी, शिरतच नसेल तर स्क्रू बॉसला फाडणार आणि सैल असेल तर फिरत राहणार. स्क्रू तुम्ही असेंब्लीत ज्या टॉर्कने लावणार त्याच टॉर्कने लावा, आणि बॉडी दोन दिवस ठेवून द्या. दोन दिवसांनी उघडून टॉर्च आतून लावा, भिंगाने बॉसची कड बघा. लगेच बघितलं तर तडा दिसत नाही, ताणाने तडकायला वेळ लागतो. काही पीस चार-पाचदा उघडून परत लावा, कारण बॅटरी बदलणारा, दुरुस्तीवाला तेच करणार आहे. परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात टक्‌ करून बसू द्यायचा आणि मग आवळायचा, हे असेंब्लीच्या पोरांना पण शिकवा.

अजून एक, मोल्डरकडे मार्करची खूण किंवा तेल पुसायला थिनरचा बोळा वापरतात का ते जाऊन बघा. थिनर एबीएसला आणि पीसीला दोघांनाही खातो, पुसल्यावर वरून स्वच्छ दिसतं आणि जिथे ताण आहे तिथे नंतर बारीक जाळीसारखे तडे येतात. ब्रास इन्सर्ट तेलकट आले तरी पीसीच्या बॉसमध्ये हेच होतं, इन्सर्ट धुऊन वापरा.

पाडायची चाचणी शेवटी. सगळं आत भरून, खऱ्या वजनाने, 1 मीटरवरून कडक फरशीवर, सहा तोंडांवर आणि जमेल तेवढ्या कोपऱ्यांवर. ओरखडा, कोपरा चेपणं चालेल. बॉडी उघडली, बॅटरीचं झाकण उडालं, तर क्लिप बघा. तुकडा उडाला तर तो उचलून तुटलेली कड बघा, पांढरट आणि ताणलेली असेल तर मटेरियल ठीक आहे, डिझाईन कच्चं आहे. सपाट, काचेसारखी असेल तर वर सांगितलेला ओलावा किंवा भुगा, मागे जा आणि ड्रायर तपासा.

लॉटचा निकाल

सगळे पीस कुणी तपासत नाही, आणि वरच्या खोक्यातले दहा काढून बघणं म्हणजे तपासणी नाही. यासाठी तयार तक्ते आहेत, आयएसओ 2859-1, आपल्याकडचा आयएस 2500. नेहमीच्या लेव्हल 2 ने 1000 पिसांच्या लॉटमधून 80 काढायचे, सगळ्या खोक्यांतून, खालच्या थरातूनही. कामाच्या दोषांना एक्यूएल, म्हणजे किती टक्के दोष सोसायचे ती हद्द, 1.0 ठरवला असेल तर 80 मध्ये 2 पर्यंत पास, 3 ला नापास. दिसण्याच्या दोषांना 2.5 ठेवला तर 5 पास, 6 ला नापास. तडकलेला बॉस, धरत नसलेली क्लिप, पीसीमधलं सिल्व्हर, यांना मी शून्यच ठेवतो, एक सापडला तर लॉट थांबतो आणि कारण कळेपर्यंत पुढे जात नाही.

"हलका सिंक चालेल" असं मेलवर लिहू नका, हलका म्हणजे किती यावर पुढे तीन महिने जातात. जास्तीत जास्त एवढा चालेल असा एक खरा पीस निवडा, आतल्या बाजूला तारीख टाका, दोघांच्या सह्या करा, एक त्यांच्याकडे एक तुमच्याकडे. काळ्या पिशवीत बंद ठेवा, उजेडात ठेवलेला पांढरा एबीएस पिवळा पडतो आणि मग रंगाचा वाद सुरू होतो. टेक्स्चर मारायच्या आधी साच्याच्या सगळ्या दुरुस्त्या संपवा, नंतर वेल्डिंग-कटिंग केलं की तेवढ्या जागेचं टेक्स्चर जातं. साच्यातलं लोखंड कापून कमी करणं सोपं, भरून वाढवणं कटकटीचं, त्यामुळे शंका असलेली मापं आधी लोखंड जास्त राहील अशीच ठेवून ट्रायल घ्यायला सांगा.

लॉट परत करताना नुसतं "क्वालिटी खराब" लिहू नका. कॅव्हिटी नंबर, खोका नंबर, दोष बॉडीवर कुठे आहे त्याचा आडव्या टॉर्चमधला फोटो, 80 पैकी किती, आणि पाच सलग शॉटमध्ये तो जागेवर होता की फिरत होता, एवढं लिहून पाठवा. रिजेक्ट पिसांच्या आतल्या बाजूला लाल मार्करने फुली मारा, आणि पीसीचे ओलाव्याचे पीस असतील तर परत द्यायच्या आधी बॉस तोडूनच द्या, म्हणजे ते दुसऱ्या खोक्यातून परत तुमच्याकडे येणार नाहीत. पुढच्या लॉटला ड्रायरचं तापमान आणि किती वाजता चालू केला याची नोंद मागून घ्या, रोजची, ऑपरेटरच्या सहीची.